ब्रेकची नळी बदलताना

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे आंबोलीचा घाट उतरत होतो. गाडी जुनी, पण ठाकठीक; निदान आमचा तसा समज होता. काही वळणे उतरलो आणि ब्रेकचे पेडल पायाखाली मऊ लागू लागले. पुढच्या वळणावर तर ते जवळजवळ तळाला टेकले. मी खालचा गिअर टाकला, पेडल भराभर दोनतीनदा दाबले, हँडब्रेक हळूहळू ओढला. गाडी डोंगराच्या बाजूला थांबली. मागे बसलेल्या मुलांना काही कळले नव्हते. पत्नीला मात्र सारे कळले होते.

अर्ध्या तासाने पेडल पुन्हा घट्ट झाले. बेताबेताने सावंतवाडी गाठली. तिथल्या मिस्त्रींनी पुढच्या चाकामागची रबरी नळी बोटांनी वाकवून दाखवली. तिच्यावर बारीक भेगा पडल्या होत्या. 'ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंत?' या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

पेडल मऊ का होते?

आपण पेडल दाबतो, तो दाब ब्रेक ऑइलमधून नळ्यांवाटे चाकांपर्यंत जातो. गाडीखालून जाणाऱ्या नळ्या धातूच्या असतात. चाके वळतात, खालीवर होतात, म्हणून शेवटचा तुकडा लवचीक, रबराचा असतो. उष्णता, चिखल आणि वय यांनी हे रबर सैल पडते. मग दाबाचा काही भाग नळी फुगवण्यातच वाया जातो. कधी नळी आतूनच सुजते. तेव्हा ऑइल पुढे जाते, पण परत येत नाही. ब्रेक धरून राहतो, चाक तापते, गाडी एका बाजूला ओढते.

दुसरा चोर म्हणजे पाणी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. नवे डॉट ३ ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही; ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात सतत ब्रेक दाबले की ऑइल उकळते, वाफ होते. वाफ दाबली जाते, दाब पुढे पोचत नाही. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलावेच.

रबर की स्टीलची जाळी?

हल्ली बाहेरून स्टीलची जाळी असलेल्या नळ्या मिळतात. आतली नळी टेफ्लॉनची असते, ती फारशी फुगत नाही. पेडल घट्ट लागते. पण टायर गुळगुळीत असतील किंवा ब्रेक पॅड झिजले असतील, तर या नळ्या गाडी लवकर थांबवणार नाहीत. शिवाय आतली नळी खराब झाली तरी जाळीमुळे दिसत नाही. घरच्या गाडीला कंपनीच्या मापाची नवी रबरी नळी पुष्कळ झाली. जाळीची घ्यायचीच असेल तर आपल्याच मॉडेलसाठी बनवलेली, दाबाची चाचणी झालेली घ्यावी.

काम करताना

गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना उटी लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका. खाली मजबूत घोडी हवीच. डोळ्यांना चष्मा आणि हातांत मोजे घाला. ऑइल रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग निघेल.

जोड आधी ब्रशने साफ करा. साध्या पान्याने नटाचे कोपरे झिजतात, म्हणून ब्रेकच्या नळीसाठी मिळणारा, नटाला चहूबाजूंनी धरणारा पाना वापरा. एका पान्याने रबरी नळीचे टोक धरून ठेवा, दुसऱ्याने नट फिरवा. नाहीतर धातूची नळीच पिळवटते. नवी नळी बसवताना तांब्याचे वायसर नवेच घ्या. नळीला पीळ पडता कामा नये. नट किती आवळायचे ते गाडीच्या पुस्तकात असते. शेवटी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून नळी चाकाला घासत नाही ना, ते पाहा.

हवा काढणे

याला दोन माणसे लागतात. आमच्याकडे पत्नी पेडलवर बसली. चाकाजवळच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवावे. मी म्हणे, 'दाब आणि धर.' मग निपल उघडायचा, बुडबुडे बाहेर येऊ द्यायचे, निपल बंद करायचा आणि त्यानंतरच म्हणायचे, 'सोड.' हा क्रम चुकला तर हवा परत आत शिरते. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करावे. वरच्या डब्यातले ऑइल खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नका. बाटलीतले ऑइल पुन्हा वापरू नका. कोणत्या चाकापासून सुरुवात करायची, तेही गाडीचे पुस्तक सांगते.

झाल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल जोरात दाबून मिनिटभर धरा. ते हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे. प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून पाहा. मग इंजिन सुरू करा. आता पेडल किंचित खाली जाईल, ते ठीक आहे.

कुठे थांबावे?

धातूची नळी गंजली असेल, नट हलत नसेल किंवा एबीएसच्या यंत्रात हवा शिरली असेल, तर मिस्त्रींना बोलवा. साधी तांब्याची नळी तोडून जोडकाम कधीच करू नका. पहिल्यांदाच हे काम करत असाल, तर जाणकार माणूस शेजारी असू द्या आणि काम संपल्यावर गॅरेजमध्ये तपासून घ्या.

आमच्या नळ्या बसल्यावर मुले लगेच गाडीत चढू लागली. पत्नीने त्यांना उतरवले. मोकळ्या मैदानात मी एकट्यानेच सावकाश चार फेऱ्या मारल्या, दर वेळी ब्रेक दाबून पाहिला, उतरून पुन्हा जोड तपासले. मग तिने स्वतः पेडल दाबून पाहिले, आणि त्यानंतरच मुलांसाठी दार उघडले.