मिक्सर बंद, तक्रार चालू

रमजान तोंडावर आला की आमच्या मिरजोळ्यातल्या घरात पहिली आठवण मिक्सरची होते. इफ्तारीचे वाटण, पुदिन्याची चटणी, सगळा भार त्याच्यावर. जुना जळाला म्हणून मोठ्या मुलाने मोबाइलवरून नवा मागवला. बाजारापेक्षा सातशे रुपये स्वस्त. खोके वेळेवर आले, पण मोटर काही फिरेना.

मदतीचे बटण दाबले तर समोर माणूसच नाही, यंत्राची ठरलेली उत्तरे. "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" हे वाक्य मी सोळा दिवसांत किती वेळा वाचले, याची गणती नाही. कधी माणूस मिळालाच तर तो रोज नवा, आणि कहाणी पुन्हा पहिल्यापासून. एक जण इतक्या अदबीने बोलला की त्याने काहीच केलेले नाही, हे फोन ठेवल्यावर लक्षात आले. एकदा मेसेज आला, 'माल परत न्यायला आलो, ग्राहक घरी नव्हते.' त्या वेळी मी पडवीत तांदूळ निवडत बसले होते!

सासूबाई म्हणाल्या, "बाजारातून घेतला असता तर दुकानदारासमोर नेऊन ठेवला असता." त्यांचे खरेच आहे. सदोष माल परत करण्याचा हक्क आपल्या फिकहमध्ये 'खियार-ए-ऐब' या नावाने पूर्वीपासून आहे. पण परत करायला समोर कोणी तरी हवे ना!

वैतागून मी इंटरनेटवर कंपनीचा नंबर शोधला आणि इथेच मोठी चूक होणार होती. पलीकडच्या माणसाने मोबाइलमध्ये एक अॅप घ्यायला आणि 'नोंदणीसाठी' दहा रुपये पाठवायला सांगितले. मुलाने फोन हातातून काढून घेतला. असे बनावट नंबर ठग मुद्दाम पसरवतात. अॅप घेतले की आपला स्क्रीन त्यांना दिसतो आणि खाते रिकामे होते. कंपनीचा नंबर तिच्या स्वतःच्या अॅपमधूनच घ्यावा. पैसे गेलेच तर एक क्षणही न दवडता १९३० वर फोन करावा.

मग मुलाने नियम शोधून काढले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२० मध्ये ई-कॉमर्सचे नियम आले. प्रत्येक कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याचे नाव आणि संपर्क अॅपवर दाखवायचा. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात. तक्रारीला नंबरही द्यायचा, म्हणजे ती कुठे पोचली ते पाहता येते. हा पत्ता अॅपच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत सापडला. तो इतका खाली का असतो, हे ज्याचे त्याने ओळखावे.

आम्ही बिल, फोटो, मोटर बंद असल्याचा व्हिडिओ आणि आधीच्या सगळ्या संभाषणांचे स्क्रीनशॉट जोडून ईमेल केला. ४८ तासांत पोच आली नाही. तेव्हा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. मराठीत बोलता आले, हे विशेष. हेल्पलाइन हुकूम देऊ शकत नाही, ती तक्रार कंपनीकडे नेऊन पाठपुरावा करते. पण तेवढ्यानेही पुष्कळदा हालचाल होते.

त्यानेही भागले नसते तर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची आमची तयारी होती. कंपनी कुठलीही असो, ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे दाद मागता येते. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. ऑनलाइनही अर्ज करता येतो. मात्र २ वर्षांच्या आत करायला हवा, म्हणून बिल जपून ठेवावे.

ती वेळ आली नाही. शव्वालच्या पहिल्या आठवड्यात पैसे परत आले. अख्खा रमजान वाटण पाट्यावर झाले आणि सासूबाईंच्या मते चटणीला चवही जास्त आली. नवा मिक्सर मी रत्नागिरीच्या बाजारातून आणला, दुकानातच लावून, तिन्ही भांडी फिरवून बघून.