शेतातली पिकअप : डिझेल की पेट्रोल?

गेवराई तालुक्यात पाऊस लांबला की गाडीची खरी कसोटी धुळे–सोलापूर महामार्गावर लागत नाही. ती लागते वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरच्या पांदणीत. गोदाकाठची काळी माती ओली झाली की चाकावर थापून बसते, टायरच्या खाचा बुजतात आणि गाडी जागच्या जागी फिरू लागते. अशा वाटेने कापूस, मोसंबी, दुधाचे कॅन आणि खताची पोती नेणारी पिकअप घ्यायची ठरली, की शोरूमपेक्षा पारावर जास्त चर्चा होते. ती बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर अडते : डिझेल घ्यावी की पेट्रोल?

पारावरचे उत्तर ठरलेले असते. ‘ओढायला डिझेलच पाहिजे.’ मराठवाड्यातल्या शेतकऱ्याची डिझेलशी ओळख गाडीमुळे झालेली नाही, ती विहिरीवरच्या ऑइल इंजिनामुळे झाली. तासन् तास ठकठक करत पाणी उपसणारे ते इंजिन दोन पिढ्यांनी पाहिले आहे. त्यामुळे हा विश्वास अनुभवातून आलेला आहे आणि त्याला विज्ञानाचा आधारही आहे. मात्र तो आधार नेमका किती, हे पाहायला हवे.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण साधारण दहा पट दाबून स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटवले जाते. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने 1897 मध्ये चालवून दाखवलेल्या यंत्राचे तत्त्व असे, की नुसती हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापावी आणि तीत फवारलेले इंधन आपोआप पेटावे. आजच्या गाड्यांत ही हवा साधारण पंधरा ते अठरा पट दाबली जाते. जितका दाब अधिक, तितकी इंधनातली उष्णता जास्त प्रमाणात कामाला येते. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा ते पंधरा टक्के जास्त ऊर्जा असते. ‘डिझेल ॲव्हरेज जास्त देते’ यामागे ही दोन कारणे आहेत.

ओढ म्हणजे टॉर्क. बोलेरो पिकअपचे अडीच लिटरचे डिझेल इंजिन सुमारे 200 न्यूटन-मीटर टॉर्क देते, आणि तोही मिनिटाला दीड-दोन हजार फेऱ्यांच्या टप्प्यातच. मारुती सुपर कॅरीचे 1.2 लिटरचे पेट्रोल इंजिन सुमारे 100 न्यूटन-मीटर देते, तेही तीन हजार फेऱ्यांच्या आसपास. या दोन गाड्या एका वजनाच्या नाहीत, हे लक्षात घेऊनही फरक स्पष्ट दिसतो. भरलेली गाडी चिखलातून उठवताना पेट्रोलवाल्याला रेस वाढवावी लागते, क्लच घासतो आणि चाक एकदम फिरते. डिझेल हळूहळू, एका दमात ओढते.

पण इथेच एक गैरसमज आहे. इंजिनाची ताकद आणि चाकाची पकड या वेगळ्या गोष्टी. काळी माती ओली होऊन फुगली की जमिनीला चाक धरूनच ठेवता येत नाही. मग 200 न्यूटन-मीटर असोत की 400, चाक खड्डाच खोदत राहते. साध्या पिकअपमध्ये ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. गाडी रिकामी असेल तर मागे वजन नसते आणि जड डिझेल इंजिन पुढे असते. म्हणून बाजारातून रिकामी परतणारी दणकट डिझेल पिकअप पांदणीत रुतते आणि शेजाऱ्याचा हलका ‘छोटा हत्ती’ चार पोती टाकून निघून जातो. खोल नक्षीचे टायर, थोडी कमी केलेली हवा आणि मागे वजन यांचा उपयोग पुष्कळदा इंजिनाच्या निवडीपेक्षा जास्त होतो.

दुसरा गैरसमज पाण्याचा. डिझेलला प्लग नाही म्हणून ओढ्यातून बिनधास्त घालता येते, असे म्हणतात. प्लग भिजून बंद पडण्याची भीती नसते हे खरे. मात्र हवेच्या नळीतून पाणी आत गेले तर ते दाबले जात नाही आणि इंजिनाचा कनेक्टिंग रॉड वाकतो. दाब जास्त असल्याने डिझेलमध्ये हे नुकसान अधिक मोठे होते.

आता पैशाचा हिशेब. सोयीसाठी डिझेल गाडी एक लाखाने महाग धरली, डिझेल 91 रुपये आणि 15 चे ॲव्हरेज, पेट्रोल 105 रुपये आणि 12 चे ॲव्हरेज धरले, तर डिझेलला किलोमीटरमागे सुमारे सहा रुपये आणि पेट्रोलला पावणेनऊ रुपये लागतात. वाचतात सुमारे पावणेतीन. म्हणजे जादा दिलेला लाख वसूल व्हायला सदतीस हजार किलोमीटरच्या आसपास धाव हवी. रोज बीडला माल नेऊन परत येणारा हे अंतर दोन वर्षांत गाठतो. वर्षाला चारच हजार किलोमीटर, तीही शेत ते बाजार एवढीच गाडी फिरवणाऱ्याला नऊ वर्षे लागतील. तोवर हप्ते फिटलेले असतील आणि गाडी जुनी झालेली असेल. डिझेल आणि पेट्रोल यांच्या दरात पूर्वी होता तेवढा फरक आता राहिलेला नाही. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त झाले, पण जुना हिशेब अनेकांच्या डोक्यातून गेलेला नाही.

पेट्रोलच्या बाजूलाही एक नवी गोष्ट आली आहे. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि ते इथेनॉल ज्यापासून होते, तो ऊस याच भागात पिकतो. शेतकऱ्याला त्यात आनंद आहे. मात्र इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे घटते. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ही घट सहा ते सात टक्के, तर त्यासाठीच बनवलेल्या गाड्यांत एक-दोन टक्के धरली आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते, म्हणून महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत टाकी अर्धी रिकामी ठेवणे चांगले नाही.

एवढ्या चर्चेत जी बाब पारावर निघतच नाही, ती धुराची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून 2012 मध्ये डिझेलच्या धुराला ‘कर्करोग करणाऱ्या’ पहिल्या गटात टाकले. अमेरिकेतल्या बारा हजारांहून अधिक खाण कामगारांच्या अभ्यासाचा त्यात मोठा वाटा होता. त्या वेळी पेट्रोलच्या धुराला ‘शक्यता आहे’ एवढ्याच गटात ठेवले गेले. डिझेलच्या काजळीचे कण केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक असतात आणि फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. माल भरताना अर्धा-अर्धा तास गाडी चालू ठेवण्याची सवय असते. त्या वेळी सायलेन्सरच्या उंचीवर तोंड असते ते पोती उचलणाऱ्या माणसांचे आणि भोवती खेळणाऱ्या मुलांचे.

पेट्रोल निर्दोष आहे असे नाही. बंद शेडमध्ये चालू ठेवलेल्या पेट्रोल गाडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड रंग-वास नसलेला असतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, माणूस त्याला थकवा समजतो.

1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 निकषांनी डिझेलचा धूर खूप कमी केला. त्याची किंमत म्हणून काही छोटी डिझेल इंजिने बाजारातून गेली. सुपर कॅरीचे डिझेल त्यातलेच. नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते. साठलेली काजळी सुमारे सहाशे अंशांवर जाळून ती स्वतःला साफ करते आणि त्यासाठी गाडी सलग वेगाने धावावी लागते. फक्त पांदणीत दुसऱ्या गिअरवर फिरणाऱ्या गाडीची जाळी तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. दिवा लागल्यावर महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटे गाडी पळवून आणणे हा साधा उपाय. जाळी काढून टाकणे हा बेकायदा आणि विषारी उपाय. साफसफाई सुरू असताना सायलेन्सर कमालीचा तापतो. त्या वेळी गाडी पाचटावर किंवा वाळलेल्या पऱ्हाट्यांवर उभी केली तर आग लागू शकते.

काही गाड्यांत धुरातला नायट्रोजन ऑक्साइड मारण्यासाठी युरियाचे द्रावण वेगळ्या टाकीत भरावे लागते. ते 32.5 टक्क्यांचे अतिशुद्ध द्रावण असते. घरात खताचा युरिया आहे म्हणून तो पाण्यात विरघळवून ओतला तर निंबोळी तेलाचा लेप आणि इतर अशुद्धी यंत्रणा कायमची बिघडवतात.

म्हणून वर्षाला पंधरा-वीस हजार किलोमीटर, दीड टनाचे ओझे आणि आठवड्यातून काही फेऱ्या महामार्गावर, असा वापर असेल तर डिझेल योग्य. हलका माल, जवळचे अंतर आणि गाडी घराच्या अंगणात उभी राहणार असेल तर छोटी पेट्रोल किंवा जवळ पंप असल्यास सीएनजी गाडी पैशाने आणि छातीने दोन्हीकडून परवडते. कापूस आकाराने मोठा पण वजनाने हलका, हेही त्यात मोजावे.

इंधन कोणतेही असो, एका टाकीतून दुसऱ्या टाकीत घेताना रबरी नळी तोंडाने ओढण्याची पद्धत सोडायला हवी. घोटभर पेट्रोल किंवा डिझेल श्वासनलिकेत गेले तर काही तासांत फुफ्फुसाला सूज येते. अशा माणसाला उलटी करवू नये, मीठ-पाणी पाजू नये. उलटीबरोबर इंधन पुन्हा छातीत जाते. खोकला किंवा धाप सुरू झाली असो वा नसो, त्याला थेट रुग्णालयात न्यावे आणि काय पोटात गेले ते डॉक्टरांना सांगावे. पन्नास-शंभर रुपयांचा हातपंप शेतीच्या सामानाच्या दुकानात मिळतो.