पारा उडतो, सोने उरते

नेपाळमध्ये काठमांडूला लागून पाटण नावाचे जुने शहर आहे. तेथील नेवार कारागीर, विशेषतः शाक्य घराण्यांतील, पिढ्यान्‌पिढ्या मठांसाठी आणि घरच्या देव्हाऱ्यांसाठी बुद्धमूर्ती घडवीत आले आहेत. मूर्ती सोन्याची भासते, पण आतून ती तांब्याची असते. मग हे सोने तिच्यावर चढते कसे?

प्रथम मूर्ती मेणात घडवतात. तिच्यावर मातीचे थर लिंपून वाळवतात. साचा तापवला की मेण वितळून बाहेर येते आणि त्या पोकळीत तांब्याचा रस ओततात. थंड झाल्यावर साचा फोडतात. म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघते. संस्कृतात या रीतीला ‘मधूच्छिष्टविधान’ म्हणतात. मधूच्छिष्ट म्हणजे मेण. यानंतर छिन्नीने डोळे, बोटे, वस्त्राच्या चुण्या रेखीव करतात.

आता मुलामा. सोने वितळवून मूर्तीवर ओतले तर? सोन्याचा द्रवणांक १०६४ अंश सेल्सिअस, तर तांब्याचा १०८५. फरक अवघा २१ अंशांचा! सोन्याबरोबर मूर्तीही बिघडायची. येथे पारा कामी येतो. सोन्याचे बारीक कण पाऱ्यात घोटले की ते त्यात मिसळून लोण्यासारखा मऊ लगदा तयार होतो. याला ‘पारदमेल’ म्हणतात. स्वच्छ केलेल्या तांब्यावर हा लगदा माखतात आणि मूर्तीला आच देतात. पारा ३५७ अंशांना उकळतो. त्यामुळे सोने वितळण्याच्या कितीतरी आधी त्याची वाफ होते आणि सोने तांब्याला घट्ट चिकटून राहते. मिठाचे पाणी आटले की ताटलीत मीठ उरते, तसेच हे! हा थर आधी निस्तेज दिसतो. अकीकासारख्या गुळगुळीत दगडाने घासल्यावर तो झळकू लागतो.

पण उडालेला पारा जातो कुठे? दक्षता घेतली नाही, तर थेट कारागिराच्या फुफ्फुसांत. पाऱ्याच्या वाफेला रंग नाही, वास नाही. त्यामुळे धोका कळतच नाही. ती रक्तात मिसळून मेंदू, मज्जातंतू आणि मूत्रपिंडांना इजा करते. हात थरथरू लागतात. ज्या हाताने बुद्धाच्या पापण्या कोरायच्या, तोच हात! तोंडाला बांधलेले फडके धूळ अडवील, वाफ नाही.

यावर उपायही विज्ञानातच आहे. बंदिस्त भट्टीतून ही वाफ थंड नळीत नेली, तर तिचा पुन्हा द्रव पारा होतो. तो हवेत जात नाही आणि परत वापरताही येतो. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी २०१३ साली ‘मिनामाता करार’ झाला. २०१७ पासून तो अमलात आहे.

तेव्हा सोन्याने झळकणारी अशी मूर्ती पाहाल, तेव्हा उरलेल्या सोन्याबरोबरच उडून गेलेल्या पाऱ्याचाही विचार करा.