गंजिफा : सावंतवाडीची चित्रित पाने

स्पॅनिश भाषेत पत्त्यांना ‘नाइपेस’ म्हणतात. दुय्यम अधिकारी या अर्थाच्या ‘नाइब’ या अरबी शब्दापासून तो बनला असे मानले जाते. मराठीतील ‘नायब’ हा त्याच अरबी शब्दाचा वंशज होय. इजिप्तमधील मामलूक अमदानीतील पत्त्यांचा एक संच इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात जतन केलेला आहे. त्यावरील नाणी, पेले आणि तलवारी ही चिन्हे स्पॅनिश पत्त्यांतही आढळतात. याच मामलूक संचातील एका पानावर ‘कंजिफा’ हा शब्द लिहिलेला आहे. भारतात गंजिफा या नावाने प्रसिद्ध झालेला खेळ याच कुळातला होय.

बाबराने 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफाची पाने भेट पाठविली, अशी नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगल दरबारात रुळलेल्या या खेळाला हिंदू समाजात दशावताराचे रूप मिळाले. या संचात दहा अवतारांचे दहा रंग असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अंकांची पाने, अशी एकूण 120 गोल पाने होतात. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू अशी चिन्हे असतात. पार्श्वभूमीचा रंगही प्रत्येक अवताराचा वेगळा असल्यामुळे चिन्हे मोजण्यापूर्वीच पान कोणत्या अवताराचे आहे, ते ध्यानात येते.

तिघे जण खेळत असता प्रत्येकाच्या वाट्याला 40 पाने येतात. हुकूम नसतो. पाच रंगांत राजा व प्रधान यांच्यानंतर दहा हे अंकाचे पान श्रेष्ठ, तर उरलेल्या पाचांत एक हे श्रेष्ठ मानतात. दिवसा खेळाचा प्रारंभ रामापासून आणि रात्री कृष्णापासून होतो. साहजिकच या खेळात दैवापेक्षा स्मरणशक्तीची परीक्षा अधिक होते.

सावंतवाडीत ही पाने चितारी कारागीर तयार करीत. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून पाने गोल कापीत, पांढरा लेप देऊन घोटीत आणि बारीक कुंचल्याने रंगवीत. शेवटी लाखेचा हात दिला, की हाताळूनही रंग टिकत असे. दरबारी पानांना नक्षीदार किनार असे. बाजारी पाने साधी व स्वस्त असत.

छापील पत्ते आल्यावर या कष्टाच्या पानांना गिऱ्हाईक उरले नाही. 1970 च्या दशकाच्या प्रारंभी ही कला लुप्त होण्याच्या बेतात होती. तेव्हा सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच तरुणांसाठी कार्यशाळा उभारली. या पानांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

कला अशा रीतीने वाचली; खेळाचे तसे झाले नाही. आज हे संच बहुधा संग्रहासाठी वा भेटीदाखल घेतले जातात आणि खेळाचे नियम जाणणारे थोडेच आहेत. परंतु पानाचा गोल आकार, ठळक चिन्ह आणि निराळी पार्श्वभूमी यांची योजना खेळणाऱ्याच्या हातासाठी व डोळ्यांसाठी झाली होती. म्हणून कारागिराच्या कुंचल्याबरोबरच खेळाचे नियमही पुढच्या पिढीच्या हाती पोहोचले, तरच ही परंपरा पूर्णतः जिवंत राहिली असे म्हणता येईल.