मान्याना

आमच्या कन्येने स्पॅनिश शिकायला घेतले आणि पहिल्याच आठवड्यात घरात एक शब्द आणून सोडला: 'मान्याना'. अर्थ सकाळ; आणि उद्यासुद्धा! 'उद्या सकाळी' म्हणायचे तर ती मंडळी 'मान्याना पोर ला मान्याना' म्हणतात. मूळ लॅटिन 'माने', म्हणजे सकाळी. रात्री बोलणाऱ्याचा उद्या उजाडल्यावरच यायचा, नाही का? हिंदीतला 'कल'ही असाच संस्कृत 'कल्य'मधून, पहाटेतून निघाला.

खरी गंमत लिंगाची. स्त्रीलिंगी 'ला मान्याना' म्हणजे सकाळ. पुल्लिंगी 'एल मान्याना' म्हणजे भविष्यकाळ!

मारियानो होसे दे लारा या लेखकाने १८३३ साली 'उद्या या' अशाच नावाचा लेख लिहिला. पंधरा दिवसांत कामे उरकायला माद्रिदला आलेला एक फ्रेंच गृहस्थ सहा महिने जिकडेतिकडे हेच उत्तर ऐकतो आणि हात हलवीत परततो. शेवटी लारा कबूल करतो, की हा लेखही आपण असाच महिनोन्‌महिने पुढे ढकलत होतो.

हे वाचून दाखवताना मी सौ.कडे पाहण्याचे टाळले. आईचा मोतीबिंदू दाखवायला डॉक्टरांकडे न्यायचे, आणि मी गणपतीपासून 'उद्या' म्हणतो आहे.

"बाबा, तुमचं उद्या कुठलं हो?" कन्येने विचारले, "'ला' की 'एल'?"