चारशेची कोंबडी आणि आईची मजुरी

31 डिसेंबरची रात्र. वाशिममधल्या आमच्या घराची गच्ची. चार विटा, त्यावर जुन्या कूलरची जाळी, खाली कोळसा आणि हातात पुठ्ठ्याचा पंखा घेऊन माझा लहान भाऊ. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर आठवडाभर एकच पोस्टर फिरत होतं, ‘घरगुती ग्रिल चिकन, फुल 400 रुपये’. बारा ऑर्डर आल्या होत्या. आम्ही दोघं हवेत होतो.

गच्चीवर आलेल्या आईनं भडकलेला जाळ पाहिला आणि कपाळावर हात मारला. ‘‘काहून रे एवढा जाळ केला? निखारे पडू दे ना आधी!’’

त्या रात्री आम्ही तिचं ऐकलं नाही. ते किती महागात पडलं, त्याचीच ही गोष्ट.

धुराचं काय एवढं?

खरं तर निखाऱ्यावरचा स्वयंपाक आपल्याकडे नवा नाहीच. वऱ्हाडात शेतात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण, अशी पंगत प्रत्येकानं कधी ना कधी झोडलेली असते. हुरडा पण तसाच. रोडगे भाजणाऱ्याला जे कळतं, तेच चिकनला लागू पडतं : जाळावर वस्तू जळते, निखाऱ्यावर शिजते.

चिकनचं गणित थोडं अवघड आहे. पायाचा तुकडा जाड, छातीचा भाग लवकर कोरडा पडणारा, आणि वरून दही-तिखटाचा लेप. जाळ लागला की लेप आधी करपतो, बाहेरून एकदम हॉटेलसारखा रंग येतो आणि हाडाजवळ मांस कच्चंच राहतं. आमच्या बारापैकी एका कोंबडीचं हेच झालं. ग्राहकानं फोटो पाठवला, हाडाजवळ गुलाबी. आम्ही पैसे परत केले. त्याहून वाईट म्हणजे, तो माणूस पुन्हा ऑर्डर देणार नाही हे तेव्हाच कळलं.

मग अभ्यास केला. (परीक्षेला एवढा केला असता तर...) कोळशावर पांढरी राख धरली की तो तयार. निखारे एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी ठेवायचे. आधी कमी आचेवर झाकून आतपर्यंत शिजवायचं, शेवटी जास्त आचेवर रंग आणायचा. चिकनच्या आतलं तापमान 74 अंश सेल्सिअसला पोहोचलं पाहिजे, आणि ते डोळ्यांनी कळत नाही. काडीसारखा टोचायचा थर्मामीटर मिळतो, तो घ्या. आमच्या धंद्यातली सगळ्यात शहाणपणाची खरेदी तीच.

हिशेबाची वही

1 जानेवारीला सकाळी भावानं वही उघडली. विक्री : बारा गुणिले 400, म्हणजे 4800 रुपये. खर्च : चिकन 2640, दही-मसाला-तेल-लिंबू 600, कोळसा 350, पॅकिंग 240. एकूण 3830. ‘‘970 रुपये नफा!’’ तो ओरडलाच.

मी म्हटलं, घरपोच दिल्या त्याचं पेट्रोल? 150. परत केलेले 400? उरले 420.

आई परातीत कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘आन् माह्या हाताचे पैसे कोठी हायेत?’’

आम्ही दोघं गप्प. वाटण तिचं, मुरवण तिचं, कोंबड्या साफ करणं तिचं. सहा तास ती, आठ तास भाऊ, पाच तास मी. एकूण 19 तास. 420 भागिले 19. ताशी 22 रुपये!

मग आम्ही उलटा हिशेब केला. ताशी फक्त 60 रुपये मजुरी धरली तरी 19 तासांचे 1140 होतात. खर्च आणि पेट्रोल मिळवलं तर 5120. भागिले बारा, जवळपास 427. म्हणजे 427 रुपयांना पडणारी कोंबडी आम्ही 400 ला विकत होतो आणि वर पार्टी मागत होतो.

घरगुती फूड बिझनेसमध्ये बहुतेक जण इथंच फसतात. किराणा मोजतात, आईचा दिवस मोजत नाहीत. घरचं म्हणजे फुकटचं, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

हाताच्या चवीची किंमत

ती किंमत वसूल करणाऱ्या बायका आपल्याकडे होऊन गेल्या आहेत. मुंबईच्या गिरणगावात गावाकडून आलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. पहाटेपासून राबायचं आणि किराण्यासाठी सावकाराकडून जबर व्याजानं पैसे उचलायचे. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. स्वयंपाक तोच होता. फरक एवढाच, की बँकेनं त्याला धंदा म्हणून मान्यता दिली. प्रेमाताईंना पुढे पद्मश्री मिळाली.

त्याआधी 1959 मध्ये गिरगावातल्या सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच आजचं लिज्जत. आणि विदर्भातलं घरचं उदाहरण हवं असेल तर सावजी. नागपूरच्या विणकर हलबा-कोष्टी समाजाच्या घरातली ही चव. हातमाग मंदावला, तशी अनेक कुटुंबांनी भोजनालयं टाकली. घरच्या पाट्यावरचा मसाला शहराची ओळख बनला.

वाशिमचं मार्केट

आता आपल्या जिल्ह्याकडे या. इथं पुण्यासारखी रोज रात्री ऑर्डर देणारी पब्लिक नाही. इथं धंदा वारावर चालतो. बुधवार, शुक्रवार, रविवार बरे. गुरुवार, शनिवार थंड. श्रावण आणि नवरात्रात जवळपास शटर डाऊन. आखाडी, धुळवड आणि 31 डिसेंबरला मात्र हात कमी पडतात. म्हणून फक्त चिकनवर अवलंबून राहायचं नाही. आमच्या जाळीवर श्रावणात पनीर आणि भरताची वांगी भाजायचं ठरलंय.

अजून एक गंमत. कोंबडीच्या खाद्यात मका आणि सोयाबीनची ढेप असते. आपला जिल्हा सोयाबीनचा. म्हणजे शेतात बाबा ज्या भावाला शिव्या घालतात, तोच भाव फिरून चिकनच्या दुकानात आपल्याला भेटू शकतो. म्हणून मेन्यू कार्डावर वर्षभराचा रेट छापू नका. चिकनचा भाव बदलतो, तसा आपलाही दर महिन्याला तपासायचा.

सुरू करताय? मग हे वाचा

- घरून अन्न विकायचं तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते. छोट्या व्यवसायाला मोठ्या परवान्याची गरज नसते, साधी नोंदणी पुरते. ती ऑनलाइन होते आणि 14 अंकी नंबर मिळतो. तो पाकिटावर टाका.
- कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोडे ओटाभर उडतात. कच्च्याची सुरी-पाट वेगळा, शिजलेल्याचा वेगळा.
- चिकन फ्रीजमध्येच मुरवा. कच्च्या चिकनचं उरलेलं वाटण शिजलेल्या तुकड्यांवर लावू नका.
- ऑर्डर आदल्या दिवशी घ्या आणि अर्धे पैसे आधी. मित्रांकडूनसुद्धा. त्यांच्याकडून तर नक्कीच.
- भांडवल हवं असेल तर मुद्रा योजनेतल्या ‘शिशु’ गटात 50 हजारांपर्यंत कर्ज मिळतं. मसाला, पापड, लोणचं अशा प्रक्रिया उद्योगासाठी केंद्राची पीएमएफएमई योजना 2020 मध्ये आली. त्यात प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. सध्याची स्थिती जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा.

आणि आमचं काय झालं?

करोडपती झालो नाही. आता फक्त रविवारी करतो, फुलऐवजी हाफ आणि लेगपीस. दर वाढवले तेव्हा तीन ग्राहक तुटले, बाकीचे राहिले. कच्च्या कोंबडीवाल्या काकांना भाऊ स्वतः एक हाफ फुकट देऊन आला. त्यांनी परत ऑर्डर दिली नाही अजून. बघू.

बाबांना अजूनही वाटतं, पोरानं पोलीस भरतीचा फॉर्म भरावा. त्यानं भरलाय पण. सकाळी ग्राउंड, रविवारी जाळी. यातलं काय लागेल ते त्यालाही माहीत नाही.

पण वही बदलली. पहिल्या ओळीत आता चिकनचा भाव नसतो. तिथं लिहिलेलं असतं, ‘आई, सहा तास’. पैसे रविवारी रात्रीच हातात. पहिल्यांदा दिले तेव्हा तिनं नोटा दोनदा मोजल्या आणि डाळीच्या डब्यात ठेवल्या. परवा मी विचारलं, जमवून काय करणार?

‘‘मोठी जाळी घेतो,’’ ती म्हणाली. ‘‘त्या कूलरच्या जाळीवर किती दिवस भाजान?’’