विश्लेषण : बंदी असूनही एचटीबीटी कापूस शेतात कसा?

बोंडअळीला मारणारे जनुक असलेल्या बीटी कापसाला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली. तणनाशकही सोसणाऱ्या एचटीबीटी वाणाला ती मिळालेली नाही. तरीही जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहाँगीर येथे शेतकरी संघटनेने तो जाहीरपणे पेरला.

शेतकऱ्यांना तो का हवा?
ग्लायफोसेट फवारले की तण मरते, कपाशी तगते. ऐन पावसाळ्यात निंदणीला मजूर मिळत नाहीत; मिळाले तर मजुरी परवडत नाही.

आक्षेप काय?
एकच तणनाशक सतत वापरले की त्याला न जुमानणारे तण माजते. फवारा शेजारच्या सोयाबीनवर उडाला तर तेही जळते. निंदणीवर घर चालवणाऱ्या बायांचा रोजगार बुडतो. शिवाय गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली आणि २०१७ मध्ये राज्यात कापूस हातचा गेला, हा अनुभव आहेच.

नैतिक पेच कोणता?
चोरट्या बियाण्याची पावती नसते. ते उगवले नाही, तर भरपाई मागायची कुणाकडे? बंदी कागदावर, जोखीम शेतकऱ्याच्या माथी. चाचण्या घेऊन हो किंवा नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. निर्णय लांबणे चोरबाजाराच्याच पथ्यावर पडते.